स्पेक्ट्रमचं मेंब्रेन घरी बनवावं का? आधी काय तपासायचं, मग काय बनवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मामांनी १९८०च्या दशकात इंग्लंडहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा होम कॉम्प्युटर, ४८के मेमरीचा, रबरी बटणांचा, माळ्यावर सापडला. चालू केल्यावर पडद्यावर १९८२ सालची सिंक्लेअर रिसर्चची ओळ येते, पण ए, एस, डी, एफ, जी ही पाच बटणं अजिबात लागत नाहीत, बाकीची चालतात. मेंब्रेन, म्हणजे बटणांखालची संपर्कांची पातळ फिल्म, स्वतः बनवता येईल का, घरी थ्रीडी प्रिंटर आहे तर आणखी काय करता येईल, आणि जमलंच तर इतरांसाठी पाच-पंचवीस नग काढावेत का, असं तुम्ही विचारलंय.

बनवता येईल, पण लगेच बनवायला घेऊ नका. मी औद्योगिक कंट्रोल पॅनेलच्या पीसीबी आणि कीपॅडचं काम करतो आणि उरलेल्या वेळात बऱ्याच वर्षांपासून त्या काळातले होम कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यांचे भाग बनवतो. माझ्या मते असं यंत्र हातात आलं की त्यातल्या भागांची दोन गटांत वाटणी करावी. मेंब्रेन, रबरी मॅट, केस, रेग्युलेटर, अगदी मेमरीसुद्धा, हे भाग आज कुणीतरी नव्याने बनवू शकतं. यूएलएचं, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या यंत्रातल्या खास चिपचं, तसं नाही. फेरँटी या ब्रिटिश कंपनीने ती या यंत्रासाठी बनवली होती आणि ते उत्पादन कधीच बंद झालं. म्हणून नवा भाग बनवताना तो बसतोय का, चालतोय का एवढंच पाहून भागत नाही. तो बिघडला तर यूएलए वाचेल का, हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं असतं.

आता तुमच्या पाच बटणांकडे येऊ. स्पेक्ट्रमला ४० बटणं आहेत, पण मेंब्रेनमधून बोर्डावर फक्त १३ तारा येतात: एका शेपटीतून ८, दुसरीतून ५. आठ तारा म्हणजे आठ अर्ध्या ओळी. १ ते ५ ही एक, ६ ते ० ही दुसरी, क्यू ते टी, वाय ते पी, ए ते जी, एच ते एंटर, कॅप्स शिफ्ट ते व्ही, आणि बी ते स्पेस. पाच तारा म्हणजे प्रत्येक अर्ध्या ओळीतलं कितवं बटण, तेही कडेपासून मध्याकडे मोजत. त्यामुळे कोणती बटणं गेली यावरूनच बराचसा रोग कळतो. लागोपाठची पाच गेली तर आठांपैकी एक तार तुटलेली आहे. १, क्यू, ए, ०, पी, एंटर, स्पेस अशी कडेची सगळी एकदम गेली तर पाचांपैकी एक. इकडचं एक, तिकडची दोन अशी विखुरलेली गेली असतील तर मेंब्रेनच्या आतच झीज झालेली असते किंवा ओल शिरलेली असते.

तुमची ए ते जी ही पूर्ण अर्धी ओळ गेली आहे, म्हणजे एक तार. ती मेंब्रेनच्या शेपटीत तुटलीय, की बोर्डावरच्या सॉकेटमध्ये, की त्या तारेवरच्या डायोडमध्ये (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा छोटा भाग), हे अजून माहीत नाही. हे न तपासता मेंब्रेन छापलंत आणि दोष डायोडमध्ये निघाला, तर सगळी मेहनत वाया.

तपासणी सोपी आहे. वीज बंद ठेवून खालचे स्क्रू काढा, वरचं झाकण हळूच उचला आणि दोन्ही शेपट्या सॉकेटमधून सरळ वर ओढून काढा. शेपटी ठिसूळ झालेली असणार, म्हणून झाकण झटक्यात उघडू नका. मग अडॅप्टरची पिन मोजून (ते खाली सांगितलंय) बोर्ड चालू करा आणि बारीक एकेरी तारेचा तुकडा घ्या. पाच तारांच्या सॉकेटमधली एक जागा धरा आणि तिला आठ तारांच्या सॉकेटमधल्या जागा एकेक करून क्षणभर टेकवा. दरवेळी पडद्याच्या तळाशी काहीतरी उमटायला हवं. पहिल्या उमटण्याला कर्सर ‘के’ अवस्थेत असतो, त्यामुळे अक्षराऐवजी अख्खा बेसिकचा शब्द येईल. जी ची जागा जोडली गेली तर ‘गो टू’, ए ची जोडली गेली तर ‘न्यू’. घाबरू नका, तेच बरोबर आहे.

इथे एक मेख आहे. पाचांपैकी दोन तारांवर एकेक शिफ्ट बटण येतं, एकीवर कॅप्स शिफ्ट, दुसरीवर सिंबॉल शिफ्ट. शिफ्ट एकटं दाबलं तर काहीच उमटत नाही. म्हणजे या दोन तारांवर धडधाकट बोर्डसुद्धा आठापैकी सातच उत्तरं देतं. उरलेल्या तिन्ही तारांवर आठच्या आठ उत्तरं यायला हवीत. तिथेही सातच आली आणि ए ते जी मधलंच गायब असेल तर दोष बोर्डावर आहे: तो डायोड, त्याचा सोल्डरचा डाग किंवा सॉकेट. आठही आली तर बोर्ड निर्दोष, मेंब्रेन दोषी. तार फक्त या दोन सॉकेटमध्येच फिरवा, बोर्डावर इतरत्र टेकू देऊ नका.

मेंब्रेनच दोषी निघालं असं धरू, कारण बहुतेक वेळा तसंच असतं. प्लॅस्टिकची फिल्म चाळीस वर्षांत कडक होते आणि सॉकेटच्या तोंडाशी, जिथे ती वाकते, तिथे तडकते. भिंगाखाली पाहिलंत तर त्या एका मार्गावर केसाएवढी आडवी रेघ दिसेल. शेपटीला वर थोडी मोकळी लांबी असेल तर टोकाचे काही मिलिमीटर धारदार कात्रीने काटकोनात कापा आणि शेपटी पुन्हा बसवा. हा उपाय एकदा, फार तर दोनदा चालतो. त्यानंतर शेपटी आखूड पडते, आणि ओढून बसवली तर ताणाने पुन्हा तडकते. पण तेवढ्या वेळात यंत्र चालतं, बाकीचा बोर्ड तपासून घेता येतो. माझ्याकडे असं यंत्र आलं की मी हे आधी करतो.

नवं मेंब्रेन हवंच असेल तर खरं सांगायचं तर ते विकत घ्या. इंग्लंडमध्ये ते अजून नव्याने बनतं आणि विकलं जातं. किंमत फार नाही, टपाल आणि कस्टम ड्युटीच जास्त वाटेल. तरीही स्वतः बनवायचं असेल, आणि ती इच्छा मला मनापासून समजते, तर मेंब्रेन कसं काम करतं ते समजून घेऊन बनवा.

पॉलिएस्टरच्या दोन फिल्म, समोरासमोरच्या बाजूंवर छापलेले मार्ग, आणि मध्ये प्रत्येक बटणापाशी भोक असलेली तिसरी फिल्म, एवढंच ते असतं. चांदीच्या शाईने मार्ग छापतात आणि उघड्या भागांवर कार्बनच्या शाईचा थर देतात, म्हणजे चांदी काळी पडत नाही. ओएचपी शीटवर तांब्याची पट्टी चिकटवून किंवा चांदीच्या पेनने रेघा ओढून पाहणारे बरेच जण आहेत. एका दिवसाच्या प्रयोगाला ते ठीक आहे, पण वाकल्यावर रेघा तुटतात आणि आपल्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. पुण्या-मुंबईकडच्या औद्योगिक वसाहतींत वजनकाटे आणि मशीन पॅनेलसाठी मेंब्रेन कीपॅड छापणारे छोटे कारखाने आहेत. त्यांच्याकडे जा. स्क्रीन बनवायचा खर्च पाच नगांना आणि पन्नास नगांना जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे एकट्यासाठी महाग पडेल. चार-पाच जण मिळून करा.

विजेच्या बाबतीत हे काम बरंच सोपं आहे. पाच तारांना बोर्डावर १० किलोओहमचे पुल-अप (तारेला ५ व्होल्टकडे ओढून धरणारे रोध) आहेत, म्हणजे बटण दाबल्यावर अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. मार्गाचा रोध २०० ओहम भरला तरी त्यावर ०.१ व्होल्टच पडतो, यूएलएला काही फरक पडत नाही. तेव्हा चांदीचा थर जाड हवा, महाग शाईच हवी, असं कुणी सांगितलं तर या यंत्रापुरतं तरी ते खरं नाही. मी नव्या मेंब्रेनमध्ये सगळ्यात लांबचं बटण दाबून रोध मोजतो, १०० ओहमच्या आत आला की निश्चिंत असतो.

मापांची बाजू मात्र कठीण आहे. शेपटीतल्या मार्गांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर आहे. आठ मार्गांत सात अंतरं, म्हणजे १७.७८ मिलिमीटर. तुमच्या स्कॅनरमध्ये किंवा प्रिंटमध्ये १ टक्का चूक असली तर शेपटीवर ती ०.१८ मिलिमीटर होते, ती खपून जाते. पण यंत्राची रुंदी २३३ मिलिमीटर आहे. त्या लांबीवर तीच १ टक्का चूक दोन मिलिमीटरच्या वर जाते आणि कडेची बटणं भोकाच्या काठावर दाबली जातात. म्हणून जुनं मेंब्रेन स्कॅन करताना शेजारी, उभी आणि आडवी, स्टीलची पट्टी ठेवा. चित्र पट्टीशी ताडून दोन्ही दिशांना वेगवेगळं दुरुस्त करा. कारखान्याला एक गोष्ट आवर्जून विचारा: फिल्म छपाईआधी भट्टीतून काढता का? शाई वाळवताना पॉलिएस्टर आकसतं. आधी एकदा तापवून घेतलं की छपाईनंतर आकसणं अगदी थोडं राहतं.

शेपटीची जाडीही जपा. फिल्मऐवजी फ्लेक्झिबल पीसीबी मागवायची सोय हल्ली आहे, थोडे नगही मिळतात, आणि शेपटीला मागून जाड पट्टी लावून मिळते. पण ती पट्टी जुन्या शेपटीपेक्षा जाड असली तर सॉकेटमधल्या पत्र्या फाकतात आणि फाकलेल्याच राहतात. पुढे कुणी मूळ जाडीचं मेंब्रेन बसवलं तर ते सैल बसतं. जुनी शेपटी मायक्रोमीटरने मोजा आणि एकूण जाडी तेवढीच मागा.

मेंब्रेन बदलताना वरचा अॅल्युमिनियमचा पत्रा काढावा लागतो. तो दुहेरी टेपने चिकटलेला असतो आणि घाईने उचकटला तर कायमची घडी पडते. हेअर ड्रायरने कडा कोमट करा, प्लॅस्टिकचं पातळ कार्ड सरकवत न्या, धातूचं काही घालू नका.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला जास्त काळजी वाटते ती गोष्ट: वीजपुरवठा. तुम्ही कोणता अडॅप्टर लावलात ते लिहिलेलं नाही. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत ऋण, बाहेर धन असतं. आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. पिन बसते म्हणून लावला तर पहिल्याच क्षणी नुकसान होतं. मूळ अडॅप्टर मिळाला असेल तर तो रेग्युलेटेड नाही हेही लक्षात ठेवा, मोकळा मोजलात तर ९ पेक्षा बराच जास्त दाखवेल. आतला ७८०५, म्हणजे ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, हा जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. साधारण ०.७ अँपिअरला नेमके ९ व्होल्ट आले तरी जवळपास तीन वॉट, मूळ अडॅप्टरवर त्याहून जास्त. नागपुरात मे महिन्यात त्या बंद केसमध्ये काय होत असेल याचा विचार करा.

म्हणून मी आधी ७८०५च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर मॉड्यूल बसवतो, १ अँपिअरचा किंवा त्याहून मोठा. उष्णता जवळजवळ संपते. पडद्यावर बारीक रेषा दिसू लागल्या तर मॉड्यूल बदलून पाहा, सगळे सारख्या दर्जाचे नसतात. जुना ७८०५ त्याच्या हीटसिंकसकट पिशवीत घालून यंत्राबरोबर ठेवा. कमोडोर ६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या होम कॉम्प्युटरवाल्यांना हा धडा फार महाग पडला. त्याचा राळ भरलेला अडॅप्टर बिघडला की ५ व्होल्टची पातळी वर चढते आणि मेमरीसकट बऱ्याच चिपा जातात. म्हणूनच तिथल्या हौशी मंडळींनी बनवलेल्या भागांमध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी डबी: अडॅप्टर आणि यंत्र यांच्यामध्ये बसते आणि व्होल्टेज साडेपाचकडे चढू लागला की पुरवठा तोडते. दिसायला काही नाही, पण जे पुन्हा मिळत नाही ते ती वाचवते.

मेमरीचंही असंच आहे. ४८के स्पेक्ट्रममधल्या खालच्या १६ केच्या आठ ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, आणि पिन १६ जमीन. उणे ५ गेलं आणि १२ चालू राहिलं तर या चिपा मरतात. ही व्होल्टेज बनवणाऱ्या सर्किटमधला टीआर४ हा ट्रान्झिस्टर वारंवार जातो. तुमचं यंत्र चालतंय, तेव्हा आज काही बदलू नका. फक्त मल्टिमीटरने ही तिन्ही मोजून लिहून ठेवा. पुढे कधी चिपा गेल्याच तर फक्त ५ व्होल्टवर चालणारी मेमरीची छोटी बदली पट्टी हौशी मंडळींनी बनवलेली मिळते. नुसत्या ४१६४ चिपा उचलून बसवू नका. त्यांचा ५ व्होल्टचा पाय नेमका पिन ८ वर असतो, जिथे ४११६ साठी १२ येतात. वरच्या ३२ केमध्ये मात्र ४१६४ चालतात, कारण तिथे मुळातच अर्ध्या निकामी निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिपा वापरल्या होत्या आणि कोणता अर्धा भाग चांगला ते बोर्डावरच्या जोडतारेने ठरवलं होतं. सिंक्लेअरची ही काटकसर आज आपल्या उपयोगी पडते.

यूएलएबद्दल एवढंच. ख्रिस स्मिथ यांनी या चिपच्या आतली रचना उलगडून २०१० मध्ये पुस्तकरूपाने मांडली, आणि त्यामुळे आज तिचे पर्याय बनतात. हार्लेक्विन नावाच्या बोर्डात तर यूएलएचं काम ७४ मालिकेच्या साध्या चिपांनी केलेलं आहे. म्हणजे रस्ता अगदीच बंद नाही. पण मूळ चिप चालू असेल तर तिला छोटा हीटसिंक लावा आणि हात लावू नका. झेड८० या मुख्य प्रोसेसरची गोष्ट वेगळी: झायलॉगने त्याचं मूळ ४० पायांचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं, तरी जुना साठा भरपूर आहे. त्याची सीमॉस (कमी वीज खाणारी, नंतरची) आवृत्ती बहुतेक ठिकाणी चालते. एका अलिखित आउट सूचनेत जुना प्रोसेसर ० पाठवतो आणि सीमॉस २५५, आणि एखाद-दुसरा प्रोग्राम तिथे अडखळतो.

तुमचा थ्रीडी प्रिंटर कुठे उपयोगी पडेल? तुटलेले स्क्रूचे खांब, पाय, मागच्या जोडणीची झाकणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मापं तपासायचे नमुने. पीएलए प्लॅस्टिक वापरू नका, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. एबीएस किंवा पीईटीजी घ्या. रबरी मॅट छापता येत नाही, ती ओतावी लागते. साचा रेझिन प्रिंटरवर करणार असाल तर सावध राहा. न धुतलेल्या, नीट न वाळवलेल्या रेझिनला प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन लागलं की ते चिकटच राहतं, घट्ट होत नाही. साचा धुऊन, उन्हात किंवा यूव्ही दिव्यात पूर्ण पक्का करून, वर लाखेचा थर देऊन मग ओता, आणि आधी कोपऱ्यात थेंबभर ओतून पाहा. बटणाखालच्या पातळ भिंतीची जाडी दाबाचा स्पर्श ठरवते. तिथे थोडाही फरक पडला तर बोटाला लगेच कळतं, म्हणून जुन्या मॅटवर ती चार ठिकाणी मोजा. बटणांवरची छपाई घरी नीट होत नाही, ती पॅड प्रिंटिंगवाल्याकडूनच करून घ्या.

इतरांसाठी नग काढायचे का? काढा, पण स्वतःच्या यंत्रात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेल्यावर. प्रत्येक नगावर आवृत्ती आणि वर्ष छापा, म्हणजे वीस वर्षांनी उघडणाऱ्याला तो मूळ भाग वाटणार नाही. सिंक्लेअरचं नाव किंवा इंद्रधनुषी पट्टे वापरू नका, ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. रेखाचित्रं खुली ठेवा. दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर बसवून पाहिल्याशिवाय ‘सगळ्यांना चालेल’ असं लिहू नका. आणि कुणी स्पेक्ट्रम+ ही नंतरची आवृत्ती घेऊन आला तर हे मेंब्रेन त्याला देऊ नका. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्याने काढला तो डीबी स्पेक्ट्रम+, त्यामुळे आपल्याकडच्या घरांतून तोच निघण्याची शक्यता जास्त. त्याला ५८ बटणं असली तरी बोर्डावर त्याच १३ तारा जातात. जास्तीची बटणं एका दाबात दोन संपर्क जोडतात, म्हणून त्याच्या मेंब्रेनला थर जास्त असतात आणि त्याचं चित्र पूर्ण वेगळं आहे.

आधी ती तारेची चाचणी करा. मग तीन गोष्टी कळवा: कोणत्या तारेवर किती उत्तरं आली, आठ तारांच्या शेपटीला वर किती मिलिमीटर मोकळी लांबी उरली आहे, आणि बोर्डावर छापलेला इश्यू क्रमांक, म्हणजे बोर्डाची आवृत्ती. शेपटी कापायची की डायोड बदलायचा, ते त्यावरून सांगता येईल. मात्र अडॅप्टरची पिन मोजल्याशिवाय चाचणीसाठीसुद्धा यंत्र पुन्हा चालू करू नका.